आठ मात्रांची जागा

लाकडाच्या ट्रकवाल्यानं चांद्याला माझ्या दारात निरोप दिला, "गुरुजी, आलापल्लीचे नाकेदार गेले. हिवतापानं." ऐकलं आणि आधी काय आठवलं? त्यांच्या कवितेतली ती ओळ! मीच घातलेली.

नामदेवभाऊ जंगल खात्यात नाकेदार होते. त्याआधी ब्रह्मदेशाच्या लढाईत शिपाई. मी आलापल्लीच्याच शाळेत मास्तर. त्यांनी लढाईवर कविता रचली होती. ओळीला सोळा मात्रा, दोन-दोन ओळींना यमक. सागाच्या ओंडक्यावर हातोड्याची मूठ आपटत ते मात्रा मोजायचे. लघूला एक ठोका, गुरूला दोन. मला चूक म्हणून सापडत नसे. शेवट मात्र असा...

चिखलामधुनी हाका येती
पाय पुढे मम पडतच जाती
थांब गड्या रे, तो आळवतो
सांज जाहली

"भाऊ, आठ मात्रा कमी. यमकही तुटलं," मी म्हणालो.

"राहू द्या, गुरुजी."

पण मास्तर कसला ऐकतोय! दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, वाचायला मी कागद स्वच्छ लिहून दिला आणि रिकाम्या जागी बसवलं, 'मीहि थांबतो'. भाऊंनी समोर होतं ते वाचलं. टाळ्याच टाळ्या! जखमी सोबत्यासाठी थांबलेला शिपाई, म्हणून गावभर नाव झालं.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या डेपोत ते म्हणाले, "जमलं खरं. पन मी थांबलोच नाई ना, गुरुजी. तो हाका मारून राह्यला होता अन् मी पळालो. घरी बाईलेबी सांगितलं नाई. काऊन थांबवलं मले? काढून टाका ते."

"पुढच्या मंडईला काढू," मी म्हणालो. लोकांपुढे माझी चूक कबूल करायची लाज, दुसरं काय! मग दर मंडईला लोक तीच ओळ मागत, आणि भाऊ घाम पुसत म्हणत. पुढे माझी बदली झाली. ते राहून गेलं... छे, राहून कसलं, मी राहू दिलं.

तेरवीला गेलो. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "गुरुजी, त्याईची कविता म्हना ना." आता तरी त्यांना त्या ओळीतून सोडवू, असं ठरवून उभा राहिलो. 'सांज जाहली'पाशी आलो आणि गप्प झालो. दोन मात्राही गेल्या नसतील, अख्ख्या मांडवानं ओळ पुरी केली, "मीहि थांबतो!" सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता. रडत होत्या, पण चेहऱ्यावर केवढा अभिमान! मी तोंड उघडलं... आणि मिटलं.

हातोडा बाईंनी मलाच दिला. टेबलावर आहे. रोज त्याची मूठ आपटून कविता मोजतो. 'सांज जाहली'चे ठोके होतात. पुढच्या आठांना हात उचलवत नाही.