बाहुलीला मारलेली चापट

त्या बालवाडीची फरशी काकूने अकरा वर्षं पुसली. रंग, खळ, सांडलेलं दूध, कोणाची ओकारी, सगळं. आणि गंमत अशी की वर्गातलं रडकं पोर हटकून तिच्याच पायाला येऊन चिकटायचं. शिकलेल्या बाया गाणी म्हणून थकायच्या, ही बादली बाजूला ठेवून नुसतं "काय झालं रे राजा?" म्हणायची, की पोर गप्प. बालवाडीच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांनी हे हेरलं आणि हिला बालशिक्षिकेच्या कोर्सला धाडलं. वय चव्वेचाळीस, कॉलेज दोन वर्षांचं. नवरा म्हणाला, "आता या वयात दप्तर घेणार का?" सून मात्र खमकी. "आई, तुम्ही जा. स्वयंपाकाचं मी बघते."

कॉलेजात पोरी वीस-बावीसच्या. काकू हे नाव त्यांनीच पाडलं. सुरुवातीला ही मागच्या बाकावर अंग चोरून बसायची. पण परीक्षेत 'लहान मुलाला का मारू नये' या प्रश्नाला हिला वीसपैकी अठरा मिळाले, वर्गात सगळ्यांत जास्त. 'मार खाल्लेलं मूल चूक विसरतं आणि मार लक्षात ठेवतं', असं तिने लिहिलं होतं. सुनेने तो पेपर फ्रिजवर चिकटवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणी म्हणायला तेव्हा जागा नव्हती. ती पुढे झाली.

शेवटच्या सत्रात सहा आठवडे प्रत्यक्ष वर्गावर काम करायचं होतं, तेही ह्याच बालवाडीत. ते पार पडलं की प्रमाणपत्र, आणि इथेच बाईची नोकरी. नाही पडलं तर बादली होतीच.

वर्गात एक चार वर्षांची पोरगी होती. खाऊ दोन्ही गालांत भरून ठेवायची म्हणून सगळे तिला खारूताई म्हणायचे. तिची आई दुकानात काउंटरवर उभी असायची. रोज सकाळी धापा टाकत यायची आणि पोरीला काकूच्या हाती देऊन बस गाठायला पळायची. चौथ्या आठवड्यात, सोमवारी, ह्या खारूताईने निळ्या रंगाचा अख्खा डबा फरशीवर ओतला आणि त्यात तळवे घासत बसली. फरशी नुकतीच पुसलेली होती. काकूने पुसली नव्हती, तिच्या जागी आलेल्या नव्या बाईने पुसली होती. पण अकरा वर्षं अंगात मुरलेली असतात हो. "किती वेळा सांगायचं तुला? हात पुढे कर," म्हणाली आणि दिली चापट.

कोणी पाहिलं नाही. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. काकूने ओल्या फडक्याने तिचे हात पुसले आणि स्वतःला सांगितलं, एक चापट, एवढं काय. आपण आपली पोरं काय फुंकर घालून वाढवली?

गुरुवारी मोठ्या बाई वर्गात आल्या तेव्हा खारूताई बाहुल्यांच्या कोपऱ्यात बसली होती. एका बाहुलीचा हात तिने गुडघ्यावर नीट पसरून ठेवला. "किती वेळा सांगायचं तुला? हात पुढे कर." आणि फाट्. मग फडक्याने तो हात पुसला. परत, "किती वेळा सांगायचं तुला?" आणि परत फाट्. असं पाच वेळा. काकू तिथेच ठोकळे गोळा करत होती.

मोठ्या बाईंनी तिला बाहेर बोलावलं. "मुलं घरात जे बघतात तेच खेळतात. काकू, तू रोज तिला आईकडून घेतेस. तुला काय वाटतं?"

बोलायची वेळ तीच होती. बोलायचं नव्हतं तर निदान मूग गिळून बसायचं. पण काकू म्हणाली, "आई जरा दमलेली असते हो."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं हलकट होतं. मोठ्या बाईंनी त्याच संध्याकाळी आईला विचारलं आणि सोमवारी सविस्तर बोलायला बोलावलं. त्या चार दिवसांत फ्रिज उघडताना काकू दुसरीकडे बघायची. सून म्हणाली, "आई, परीक्षेचं टेन्शन घेऊ नका." काकूला वाटलं, हिच्या पाया पडावं आणि सांगून टाकावं. सांगितलं नाही.

सोमवारी मोठ्या बाई म्हणाल्या, "तूही बस. पालकांशी कसं बोलायचं ते शिकशील."

आई दुकानाच्या गणवेशातच आली होती. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली, गुडघे पार छातीशी. मोठ्या बाईंनी फार मायेने विचारलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "पण मारलं असेल मी. सकाळी बस चुकायला लागली की माझं मला भान नसतं. उठला असेल हात. गुरुवारपासून रोज झोपवताना मी तिची माफी मागतेय. ती म्हणते, बरं."

काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न केलेल्या पापाची ही बाई चार दिवस माफी मागत होती, आणि ते पाप हिच्या गळ्यात कोणी बांधलं?

"तुम्ही नाही मारलंत," काकू म्हणाली. "मी मारलं. रंग सांडला म्हणून. आणि बाईंनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बोट दाखवलं."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला कॉलेजला कळवावं लागेल. तुझं वर्गावरचं काम आजपासून बंद."

"कळवा. चुकलं माझं," काकू म्हणाली. मग आईकडे वळून म्हणाली, "तुमचीही माफी मागते."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "रोज मी तिला तुमच्या हातात देते," ती म्हणाली. "तिची मागितलीत?"

नाही. बाईंची मागितली, आईची मागितली, पोरीची मागायची असते हे काकूच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. अठरा गुणांच्या उत्तरातही ते कुठे नव्हतं.

ती उठून वर्गात गेली. आई मागोमाग येऊन दारात उभी राहिली. खारूताई चित्र काढत होती. काकू तिच्यासमोर खाली बसली, कॉलेजात शिकवतात तशी, मुलाच्या डोळ्याला डोळा भिडेल अशी. ती अजून काही बोललीही नव्हती. पोरीने खडू टाकला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी तुला मारलं," काकू म्हणाली. "आईने नाही. मी. माझं चुकलं."

"बरं," खारूताई म्हणाली. हात तिने पुढे घेतले नाहीत.