धुक्यातला अर्धा फेरा

मला लकवा मारला त्यानंतर कितीतरी महिने मी महादेवाशी बोलले नाही. रागावले होते असंही नाही. विचारण्यासारखं एकच होतं, हे माझ्याच वाट्याला काहून आलं, आणि त्याचं उत्तर मिळत नाही म्हटल्यावर बोलायचं तरी काय? हळूहळू वाचा परत आली, उजवा हात वळू लागला. उजवा पाय मात्र मागेच राहिला. कामठीच्या आमच्या घरात मी जागेवरून उठले की कोणीतरी धावत येऊन माझा दंड धरायचं. सगळे मायेनेच धरत होते, पण आजारापेक्षा मला तेच जड जाऊ लागलं.

रामटेकच्या पलीकडे जंगलात एक तलाव आहे आणि त्याच्या दूरच्या काठावर महादेवाचं लहानसं देऊळ. लग्न होऊन आले तेव्हापासून दर फाल्गुनात मी आणि माझी थोरली नणंद मंदाताई तिथे जायचो, तलावाला पायी फेरा घालायचो आणि अर्ध्या वाटेत देवळात दर्शन घ्यायचो. आजारपणात ते राहिलं. यंदा मी घरात सांगून टाकलं की फेरा घालणार. भक्ती दाटून आली होती असं म्हटलं तर खोटं होईल. मला चालून दाखवायचं होतं. कोणाला, ते मलाच ठाऊक नव्हतं.

आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. आम्ही गाडीने तलावाच्या पाळीवर, बांधापाशी, पोहोचलो तर तलाव दिसेचना. पाणी, झाडं, आभाळ सगळं धुक्याने पांढरं झालेलं. अगदी जवळचा एक पळस तेवढा लाल दिसत होता. यजमान म्हणाले, आज परत फिरू, पुन्हा कधी येऊ. मी तोवर काठी टेकत खाली उतरले होते.

"मले जाऊ द्या," मी म्हणाले. "पडली तर उठीन."

मंदाताई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मग यजमानांनी हट्ट सोडला. ते पाळीवरच थांबणार होते.

जंगलात पाचोळा भिजलेला, त्यामुळे आमच्या पावलांचाही आवाज येत नव्हता. पाय झाडांच्या मुळांत अडकायचा, मी तो उचलून पुढे टाकायची, की पुन्हा अडकायचा. बराच वेळ असं चाललं. मग वाटेत एक नाला आला. मला अलगद पलीकडे उतरवून मंदाताई मागून येत होत्या, तेवढ्यात ओल्या दगडावरून त्यांचा पाय सटकला. घोटा बघता बघता सुजला. त्यांना तो टेकवेना. फोनला रेंज नव्हती. मोहाची फुलं गळायला लागली होती आणि ती खायला अस्वलं येतात, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"देऊळ आता जवळ आहे," मंदाताई म्हणाल्या. "तुलेच जावं लागते वं."

मी काठी त्यांच्या हाताशी ठेवली. जनावर आलं तर जवळ काहीतरी असावं. त्या नको नको म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. झाडांना धरत धरत निघाले. एकदा पडले. गुडघा फुटला, पण उठले. चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं आणि मागे बसलेल्या मंदाताईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पुढे वाटेला दोन फाटे फुटले. इतक्या वर्षांत हे फाटे मी कधी लक्ष देऊन पाहिलेच नव्हते. तिथे एका सागाला टेकून उभी राहिले आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडून निघालं, "आता तूच ने बाबा. मले काही समजत नाही."

कुणीतरी खोकलं. धुक्यातून एक बाई आली, डोक्यावर टोपली, अंगावर हिरवं लुगडं. कुठे निघाली म्हणून तिने विचारलं. मी धापा टाकत सगळं सांगितलं, मंदाताई नाल्यावर बसल्या आहेत तेही. तिने ऐकून घेतलं आणि डाव्या वाटेने पुढे चालू लागली, माझ्या पायाच्या बेताने, हळूहळू. मी त्या हिरव्या रंगावर नजर ठेवून चालत राहिले. देवळाच्या पायऱ्या दिसल्या तशी नजर तिकडे गेली. तिचे आभार मानावेत म्हणून पुन्हा पाहिलं, तर ती नव्हती. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते इथे लिहीत नाही.

देवळात पुजारी होते, यात्रेचा मांडव घालायला आलेली दोन माणसं होती. तिथून यजमानांना फोन लागला. गाडीचा रस्ता देवळापर्यंत येतो. मंदाताईंना आणायला दोघांनी बाज उचलली. वाट दाखवायला मीच पुढे झाले.

नाल्यावर पोहोचलो तर ती हिरव्या लुगड्यातली बाई मंदाताईंजवळ बसलेली. पदराची पट्टी फाडून तिने घोटा बांधला होता. नाल्यावर ही बाई एकटी आहे म्हटल्यावर राहवलं नाही, म्हणून तशीच इकडे धावली, असं तिने सांगितलं. रोज इकडेच येता का, मी विचारलं.

"नाही वं बाई. माही मोहाची झाडं तिकडं पाळीकडं हायेत. आज धुक्यात वाट चुकली न् पार देवळापाशी निघाली. पलटून येत होती, तं तू भेटली."

सकाळपासून मी ज्याला मनातल्या मनात शिव्या देत होते, त्या धुक्यानेच तिला त्या फाट्यावर आणून सोडलं होतं. मी तिच्या पाया पडायला वाकले. तिने मला वाकू दिलं नाही.

मंदाताईंना देवळापाशी आणून गाडीत बसवलं. दवाखान्यात लगेच न्यायला हवं होतं. यजमानांनी हलकेच विचारलं, "फेरा अर्धाच झाला न् तुझा?" मी पायरीवरूनच हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

मंदाताईंचं हाड चिरलं होतं, ते आता भरून आलं आहे. माझा पाय अजून तसाच मागे राहतो. देवाला शरण जायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं, असं मी समजत होते आणि ते माझ्याच्याने होणारं नव्हतं. त्या दिवशी मी तर चालतच होते. फक्त वाट मलाच कळते हा ताठा त्या सागापाशी गळाला. त्या बाईला पुन्हा भेटता आलं नाही, पण रोज तिच्यासाठी हात जोडले जातात. उरलेला अर्धा फेरा पुढच्या फाल्गुनात घालायचा आहे. निघायचं मी ठरवलं आहे. पोहोचवायचं त्याच्यावर सोडलं आहे.