किडे मोजणाऱ्या बाई

"डोकं कुठंय?" हे बाईंचं ठरलेलं वाक्य. हातात चिमटा, पुढ्यात पांढरा ट्रे आणि ट्रेमध्ये समुद्राच्या तळाची वाळू.

हे कुठं, तर आमच्या चाकणला, कांदा बाजारामागच्या शेडमध्ये. मी तिथं गेटवर होतो. चौथी शिकलोय, पण गेट मला कळतं. कोकणातून बादल्या यायच्या. तिकडं समुद्रातून मशीननं वाळू काढतात. एक पट्टा उपसला की तो तसाच सोडायचा. तळातले किडे परत आले, तरच तिथं पुन्हा मशीन लावायचं. आले का, ते बाई मोजून सांगणार. वाळू चाळताना किडे तुटायचे. म्हणून नियम असा, की डोकं असेल तोच मोजायचा. नुसती शेपटी चालायची नाही.

बाई लातूरकडच्या, राहायच्या रहाटणीला. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. मीही नाही.

गेटची हजेरीही त्याच घ्यायच्या. माझा जोडीदार खुर्चीवर टोपी ठेवून चहाला जायचा. मी सांगायचो, "हितंच हाय." बाई टोपी उचलून बघायच्या. "डोकं कुठंय, बाबा?" की लागली गैरहजेरी.

एकदा वाळूच्या कंपनीचा साहेब आला. त्याला पट्टा पुन्हा उपसायचा होता.

"मॅडम, शेपट्या पण धरा ना. शेपटी आहे म्हणजे डोकं असणारच."

"असंल की. आणून दाखवा."

साहेब इरेला पेटला. टाय खांद्यावर टाकून दोन दिवस ट्रेवर वाकून बसला. तिसऱ्या दिवशी एकदम उठला. "मिळालं." बाईंनी भिंगातून पाहिलं.

"शेपूटच हाय, भाऊ."

मी म्हणालो, "बाई, काम जाईल तुमचं. लिहा की चार जास्त."

"तिथं कुणी नसताना आहे म्हणून कसं लिहू, बाबा?"

डोकी अकरा होती, त्यांनी अकराच लिहिले. तेवढ्यावर भागत नव्हतं, पट्टा त्या वर्षी बंद राहिला. पुढची मोजणी साहेबानं दुसरीकडं दिली आणि बाई घरी बसल्या.

परवा भाचीच्या लग्नाला कोकणात गेलो. बादल्यांवर ज्या गावाचं नाव असायचं, तिथं मुद्दाम उतरलो. किनाऱ्यावरून बाईंना फोन लावला.

"मशीन दिसतंय का, बाबा?"

"न्हाई. नुसतं पाणी हाय."

"लई मोठं हाय का?"

"हाय बऱ्यापैकी."

"बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ओल्या वाळूत बारीक बारीक भोकं होती. आत कोण कोण असेल, काय सांगावं. एवढा म्हातारा माणूस मी, पण येताना उमटलेल्या माझ्याच पावलांत पाय टाकत मागं फिरलो.