दार लावून ऐका

कारंज्याला हायवेवर आमचं गाड्यांत स्पीकर बसवण्याचं दुकान आहे. तिथे मी काही बोलले की कोणी खरं मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी चौथी शिकलेली, आणि वायरी आमच्या ह्यांच्या हातात. पण कान तर मलाही आहेत ना! किस्से इतके साठलेत की गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत एक तरी सांगून होतो.

*

आमच्या ह्यांची आवाजाची परीक्षा म्हणजे चारही दारं उघडायची आणि बाहेर उभं राहायचं. समोरच्या ढाब्यावर गाणं ऐकू गेलं की काम पास. देवळीचे एक कापसाचे व्यापारी असेच खूश होऊन गाडीत बसले, दारं लावून निघाले आणि पुढच्या वळणावरून परत आले.

"गानं कुठी गेलं? आत नुसतं धबधब होऊन राह्यलं."

"भाऊ, तुम्ही टपावर बसून चालवा," मी म्हटलं.

हे माझ्यावर फुगले.

*

तेव्हापासून मी आत बसून, दार लावून ऐकते. एका गाडीत ढोल वाजत होता, पण पोकळ.

"एका स्पीकरची वायर उलटी जोडली तुम्ही," मी म्हटलं.

"तुले काय समजते त्यातलं?"

"एक पुढे ढकलते, दुसरा मागे ओढते. आपल्या घरासारखं."

वायर पालटली. ढोल छातीत लागला. हे म्हणाले, "गाडी गरम झाली, म्हणून."

*

क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारी डबी. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक छोट्या ट्वीटरला. ह्यांनी एकदा अशी वाटणी केली की भजन म्हणणारी बाई सगळीच मोठ्याच्या वाट्याला गेली. मागच्या सीटवरून गाडीवाल्याची आई म्हणाली, "सर्दी झाली का वं हिले?"

मी ह्यांना डबीचा स्क्रू फिरवायला लावला. स्क्रूड्रायव्हर सापडेना, म्हणून त्यांनी जेवणाच्या डब्यातल्या चमच्याच्या दांड्याने फिरवला, नेहमीसारखा.

"आता बरी झाली," आजी म्हणाली.

*

मग दिलीपभाऊंची जीप आली. स्टँडवरच्या जीपवाल्यांचं ठरलं होतं, हिचा आवाज चांगला लागला तर सगळ्या गाड्या आमच्याकडे, नाही तर अमरावतीला. ह्यांनी स्पीकर बसवले, आणि डाव्या दारातून खर्रखर्र. हे म्हणाले, स्पीकर खराब. वरची जाळी काढून तो बदलला. मग क्रॉसओव्हर खराब. तोही बदलला. मग म्हणे जीपच जुनी.

"दाराच्या पोटात काहीतरी आहे," मी म्हटलं.

"तुले सगळीकडे काहीतरी दिसते."

दिलीपभाऊ उठले. "मनोहरभाऊ, वयनीचं ऐकून तर पाहा. नाई तर मी चाललो अमरावतीले."

दाराचं कव्हर काढलं. तळाशी स्टीलचा चमचा. दांड्यावर नाव कोरलेलं. ह्यांनी हात पुढे केला, मी चमचा दिला नाही. कव्हर बसवलं, दार लावलं, गाणं सुरू. दिलीपभाऊ डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"उद्यापासून एकेक गाडी पाठवतो," ते म्हणाले. "पन वयनी, चमचा कोनाचा? मले चष्म्याबिगर दिसत नाई."

हे खाली बसून गुंडाळलेलीच वायर पुन्हा गुंडाळत होते. नवऱ्याचं नाव मी लग्नात घेतलं तेवढंच. चमचा उजेडात धरला आणि ढाब्यापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं,

"मनोहर."