फाट्यावरचा अभिनंदनाचा फ्लेक्स

ते प्रकरण आजही डोळ्यांसमोर येते ते एका फ्लेक्समुळे. नातवंडांनो, तुम्ही परदेशातल्या दुकानात फोन टेकवून पैसे देता. त्या काळी लोक ट्रॅव्हलर्स चेक घेऊन जात. विकत घेताना काउंटरवरच्या माणसासमोर वरच्या ओळीवर सही करायची आणि परदेशात वटवताना खालच्या ओळीवर तशीच दुसरी. चेक हरवले तर कंपनीला कळवायचे. कंपनी ते नंबर बंद करून पैसे परत देई.

मी तेव्हा नाशिकच्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. सोमवारी सकाळी हजेरी आटोपून स्टेशन डायरी वाचत असताना ठाणे अंमलदार आत आला.

"मॅडम, एक बाई आल्यात. तक्रार द्यायची नाही म्हणतात, फक्त सांगायचंय."

बाई चाळिशीच्या. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा गुलाबाचा मळा होता. मार्केटला फुले टाकून रिकामी पाटी घेऊन त्या तशाच आल्या होत्या. महिन्यापूर्वी त्या आणि त्यांचे पती टूरबरोबर सिंगापूरला गेले होते. चेक बँकेपेक्षा स्वस्त मिळतात म्हणून त्यांनी सातपूरच्या एका माणसाकडून घेतले. परदेशाहून परतलेल्यांचे उरलेले कोरे चेक आहेत, सह्या घरी निवांत करा, असे तो म्हणाला. आठवण म्हणून दोघांचा फोटोही त्याने काढला. सिंगापूरच्या काउंटरवर मात्र चेक पाहताच दोघांना बाजूच्या खोलीत बसवले गेले. ते चेक हरवल्याची नोंद होती.

"तीन तास कोंडलं, मॅडम. आमाला विंग्रजी येईना, त्यांना मराठी. टूरवाला आला तवा सुटलो. हातात पैसा नाय, पुढं पाच दिवस मी घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या."

"आल्यावर तक्रार का नाही केली?"

"गावात शिरलो तर फाट्यावर हा एवढा फ्लेक्स! सिंगापूरचा दौरा यशस्वी करून परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. वर आमचा दोघांचा फोटू. लोक हार घेऊन उभे. मालक म्हणले, आता कुणाला काय बोलायचं नाय. शपथ घातली."

"मग मला कशा सांगताय?"

"घरच्यांना नाय, गावातल्यांना नाय, पै-पावण्यांना नाय, अशी शपथ हाय. पोलिसांचं नाव त्यात नव्हतं."

ठाणे अंमलदार हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांची विधवा नणंद येत्या गुरुवारी टूरबरोबर दुबईला निघणार होती, एकटी आणि पहिल्यांदाच विमानाने. तिचे चेकही या दोघांनी स्वतःचे घेतले त्याच दिवशी त्याच माणसाकडून घेतलेले होते.

"ह्यांना आईच्या मागं तिनंच वाढवलं. रोज म्हणतात, सांगतो, सांगतो. तोंड उघडत नाय. तिला तिकडं कोंडलं तर कोण हाय तिला?"

मी त्यांना शब्द दिला, की बुधवारी संध्याकाळपर्यंत पतींनी सांगितले नाही तर मी स्वतः नणंदेच्या घरी जाईन.

बाईंनी चेकचे नंबर फुलांच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले होते. चेक कंपनीला मी इंग्रजीत पत्र फॅक्स केले. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. या जोडप्याने चेक घेतले त्याच्या आठवडाभर आधीच मूळ खरेदीदाराने ते हरवल्याचे कळवून भरपाई घेतली होती. तो खरेदीदार सातपूरच्या माणसाचा मेहुणा निघाला. काउंटरवर सही न करताच चेक बाहेर आणायचे, हरवले म्हणून पैसे परत घ्यायचे आणि तेच कोरे चेक लोकांना विकायचे, अशी ती पद्धत होती.

सातपूरच्या माणसाला चौकशीला बोलावले. तो शांतपणे पाणी प्यायला, रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

"मेहुण्याचे चेक हरवले. कुणाला सापडले, मला काय माहीत? या लोकांना मी ओळखतही नाही. आणि मॅडम, फिर्यादी कोण आहे तुमचा?"

हा शेवटचा प्रश्न मला खटकला. फिर्याद येणार नाही याची त्याला फारच खात्री होती.

मी फाट्यावर गेले. फ्लेक्सखाली नुसतेच 'शुभेच्छुक : मित्रपरिवार'. कुणी लावला ते गावात कुणालाच नक्की माहीत नव्हते. जो तो दुसऱ्याचे नाव घेई. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्या दुकानाचे नाव मात्र होते. हवालदाराने तिथली ऑर्डरची वही आणली. जोडपे विमानात बसले त्याच दिवशी सातपूरच्या माणसाने हा फ्लेक्स सांगितला होता, स्वतःच्या नावावर. वहीत त्याच्या नावावर असेच आणखी तीन अभिनंदनाचे फ्लेक्स होते. त्यातला एक देवळ्याच्या कांदा व्यापाऱ्याचा.

बुधवारी दुपारी मी पतींना बोलावले. पत्नीही शेजारी बसल्या होत्या.

"आमची काय तक्रार नाय, मॅडम. ट्रिप एक नंबर झाली."

मी फ्लेक्सवाल्याची वही त्यांच्यासमोर सरकवली. त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

"मला वाटलं, भावकीनं लावला. त्यांचा मान राखायचा म्हणून गप बसलो." मग वहीवरचे बोट न उचलता, "म्हणजे हार बी त्यानंच आणले व्हते?"

"हार लोकांचे होते. फ्लेक्स त्याचा."

त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन मागितला.

"अक्का, ते चेक घेऊन जाऊ नको. खोटे हायेत. आमाला तिकडं कोंडलं व्हतं."

पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अन् महिनाभर मला सिंगापूरच्या सिंहाच्या कारंज्याच्या गोष्टी सांगतो व्हय रे? तरी मी म्हणत व्हते, फाट्यावर तुझा फोटू हसतोय अन् घरात तू नाय!"

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. "लिवा मॅडम, फिर्याद. नाव पूर्ण लिवा."

गुन्हा दाखल होताच झडती घेतली. घरात आणखी कोरे चेक सापडले. ऑर्डरची वही पुढे ठेवल्यावर त्या माणसाने रुमाल काढला, तो परत खिशात गेला नाही. देवळ्याचा व्यापारीही पुढे जबाब द्यायला आला.

फ्लेक्स पंचनामा करून जप्त केला. खाली शिडी पतींनीच धरली होती. अक्का गुरुवारी दुबईला गेली. आदल्या दिवशी भावाने तिला नवे चेक घ्यायला काउंटरवर नेले, तिने वरच्या ओळीवर सही केली आणि बरोबर झाली का म्हणून दोनदा विचारले.

स्वस्त मिळते म्हणून फसणारी माणसे मी सेवेत पुष्कळ पाहिली. गळ्यात हार पडला की फसलेला माणूस तोंड उघडत नाही, हे मात्र मला त्या सातपूरच्या माणसाकडून कळले. तेव्हापासून 'सगळं छान आहे' हे उत्तर मी जबाबात तसेच कधी उतरवून घेतले नाही. पुढचा साधा प्रश्न विचारत गेले.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणता, "सगळं मस्त, आजी." तुम्हाला वाटते, आजीला खाण्यापिण्याचीच काळजी. त्या बाईंनी सिंगापुरात पाच दिवस दशम्या खाल्ल्या, हे फाट्यावरच्या फोटोत कुठे दिसत नव्हते. म्हणून विचारते, आज काय जेवलात?