बार म्हणजे आहे

सौदीत खफजीच्या तेल कंपनीच्या यार्डातलं स्टोअर आम्ही दोघे सांभाळायचो, मी राजापूरचा आणि तो कझाक. रॅकवर माल असला की तो रशियन लिपीत ‘बार’ अशी चिठ्ठी लावायचा. त्यांच्या भाषेत बार म्हणजे आहे.

एकदा एक रशियन इंजिनियर हसला. “सौदीत बार कुठला?”

कझाक चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, “दारूचा बार इंग्रजीतून आला, मुळात दांडा. प्रेशर गेजवरचा बार ग्रीक, म्हणजे वजन. हा आमचा. लिपी तेवढी तुमची.”

त्या वर्षी त्याच्या बायकोचे दिवस भरत आले म्हणून त्याची सुट्टी मंजूर झाली होती. त्याच आठवड्यात मला फोन आला, बाबांचं काही खरं नाही. दोघांपैकी एकालाच सोडणार होते. तो फोरमनकडे जाऊन आला आणि त्यानं माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली, ‘बार’.

“काय आहे?”

“‘आहे’ नव्हे. ‘जा’ म्हणायलाही आमच्यात हाच शब्द.”

बाबा भेटले, दोन शब्द बोललेही. मी परतलो तेव्हा तो रॅक पुसत होता.

“मुलगी झाली,” तो म्हणाला.

“कशी आहे?”

“फोनवर मोठ्यानं रडते.”