जनाकाकीचं नाव

जनाकाकी मांडवात शिरली की पाणी मागायची नाही, आधी नावं मागायची. "नाव सांग गो बाय. सासूचा पन सांग, मेलेली असंल तरी सांग. नाव नाय त गाना कोनाचा?" काकी धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. पेणच्या खाडीकडच्या गावातली, निम्मं आयुष्य मिठागरात राबलेली. एकदा ऐकलेली तीस-चाळीस नावं ती न चुकता गाण्यात ओवायची आणि आपलं नाव आलं की बायका डोळ्याला पदर लावायच्या. रामवाडीपासून रोह्यापर्यंत लोक आधी तिची तारीख घ्यायचे, मग भटजींची.

हळदीच्या कार्यक्रमांना मी तिच्या साथीला कीबोर्ड वाजवायचो. "तुजी पेटी लय बडबडते र बाला, तिला जरा गप ऱ्हायला शिकव," असं ती भर मांडवात म्हणायची. प्रत्येक हळदीत एका कडव्यात मात्र माझंही नाव घ्यायची.

सासरी निघालेली मुलगी मिठाच्या राशीचा निरोप घेते, असं एक गाणं तिनं स्वतः रचलं होतं. मी ते एका चॅनलवाल्याला ऐकवलं. त्याला गाणं आवडलं, पण आवाज तरुण हवा होता. काकी लगेच म्हणाली, "पोरगी गाऊ दे. पन गाना माजा हाय, खाली माजा नाव लिवा." चॅनलवाल्याने गीतकार म्हणून 'पारंपरिक' टाकलं. "नंतर कुणाची कटकट नको," तो मला म्हणाला. पुढची कामं मिळतील या आशेने मी मान डोलावली.

गाणं गावोगाव वाजू लागलं. काकी माझ्याकडे आली, मोबाइल पुढे करून म्हणाली, "यात माजा नाव कंचा? बोट ठेव." तिला वाचता येत नव्हतं. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मी 'पारंपरिक'वर बोट ठेवलं. ती कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली, मग तिने बोटाने ती हवेत गिरवली. आजही ते बोट आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काही महिन्यांनी रोह्याच्या एका हळदीला आम्ही पेणहून निघालो होतो. स्टँडच्या वाटेवर एका गणपतीच्या कारखान्यापाशी ती थबकली. 'पारंपरिक शाडूच्या मूर्ती' अशी पाटी होती. काकी हरखून आत शिरली. "दादा, माजा नाव तुमी कशाला लिवलाय?" रंगाचा ब्रश थांबवून तो माणूस म्हणाला, "नाव कुठं, आजी? पारंपरिक लिहिलंय. जुन्या पद्धतीच्या मूर्ती."

काकीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे बघत राहिलो. मग ती माझ्या पुढे होऊन स्टँडकडे चालू लागली.

मांडवात तिने नेहमीसारखी सगळ्यांची नावं विचारली. शेवटी माझ्यापाशी आली. चौदा वर्षांची साथ होती आमची. परक्याला विचारावं तसं तिने विचारलं, "तुजा नाव काय र?"

मी कसंबसं सांगितलं. मग तिने ते गाण्यात घेतलं, इतक्या गोड गळ्याने की चार बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

त्यानंतर तिने मला साथीला बोलावलं नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. त्या हळदीचा व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाइलवर फिरतो. त्यात माझं नाव स्वच्छ ऐकू येतं. तिचं कुठेच नाही.